गाठ आधी की बाळ आधी?

दिवस राहत नाहीत म्हणून सोनोग्राफी केली आणि पिशवीत गाठ निघाली, की घरात सगळ्यांना एकदम हायसं वाटतं. चला, कारण सापडलं. आता ती काढली की झालं. मला या हायसं वाटण्याचीच धास्ती वाटते. फायब्रॉईड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतून वाढलेली साधी गाठ, आणि ती इतकी सर्रास असते की सापडणं ही काही मोठी बातमीच नव्हे. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज असा, की पन्नाशी गाठेपर्यंत सुमारे ७० टक्के गोऱ्या आणि ८० टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय बायकांच्या पिशवीत अशी गाठ असतेच. यांतल्या पुष्कळजणींना त्रास होत नाही, मुलंबाळंही होतात. पण सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसते ती गाठ. बीजाचं वय दिसत नाही, नवऱ्याचे शुक्राणू दिसत नाहीत. मग जी दिसली तिच्यावरच आळ.

हे झालं माझं मत. आता दोघींना बोलू देते. मावशी सिव्हिल हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होती, निवृत्तीनंतर सांगलीत असते. भाची ३६ वर्षांची, पुण्यात बँकेत नोकरीला. दीड वर्ष प्रयत्न चाललेत. दोघीही मी रचलेल्या आहेत. त्यांचं म्हणणं मात्र निरनिराळ्या बायकांच्या तोंडून ऐकलेलं.

मावशी: आण तो रिपोर्ट इकडे. आणि तो चष्मा दे.

भाची: मीच वाचते ना. मागच्या भिंतीत ५.२ बाय ४.८ सेंटिमीटरची, इंट्राम्युरल. दुसरी २ सेंटिमीटरची, सबसिरोसल. बाकी ओव्हरी वगैरे नॉर्मल. डॉक्टर म्हणाल्या, एक मोठं लिंबू आणि एक बोर.

मावशी: फळं सांगायची खोड सगळ्यांनाच. असो. मी काही डॉक्टर नाही, पण उभी नोकरी त्यांच्या हातात हत्यारं देण्यात गेली. माझं सरळ मत सांगते. बोर राहू दे, ते बाहेरच्या अंगाला आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. लिंबू काढून टाक. सहा महिने पिशवीला विश्रांती दे आणि मग चान्स घे.

भाची: का पण?

मावशी: गाठीसकट दिवस गेलेल्या बाया मी बघितल्यात म्हणून. पाचव्या महिन्यात अशी कळ उठते की बाई गडाबडा लोळते. गाठीला रक्त पुरेनासं होतं आणि ती आतल्या आत मरायला लागते. बरं, तेव्हा ऑपरेशनही करता येत नाही. सलाईन, वेदनाशामक आणि देवाचं नाव. मूल आडवं तरी असतं, नाहीतर पायाळू. बाळंत झाल्यावर पिशवी आवळत नाही, रक्त थांबत नाही. नवरा ब्लड बँकेतून पळत येतोय आणि आम्ही दारात वाट बघतोय, हे किती वेळा झालं असेल!

भाची: मावशी, तुझ्या थिएटरच्या दारापर्यंत आल्या त्याच तू बघितल्यास. ज्यांच्या गाठी नऊ महिने गप्प बसल्या त्या बाळंत होऊन घरी गेल्या. त्या तुला भेटणार कुठे?

मावशी: वकिली शिकलीस बँकेत.

भाचीचा मुद्दा बिनतोड आहे. गरोदरपणात बहुतेक गाठी फारशा वाढत नाहीत. ज्या वाढतात त्या सहसा पहिल्या तीन महिन्यांत. मावशी सांगते ती संकटं खरीच आहेत. आडवं मूल, वार वेळेआधी सुटणं, सिझेरियन, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव यांची शक्यता गाठ असली की वाढते, मोठी असली की जास्तच वाढते. पण शक्यता वाढणं वेगळं आणि तसंच होणार म्हणून बसणं वेगळं.

भाची: माझं म्हणणं ऐक. गाठ किती मोठी, यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचं. पिशवीच्या आतल्या पोकळीत घुसलेली गाठ गर्भाला रुजू देत नाही, ती काढायलाच हवी. बाहेरच्या अंगाची असेल तर मूल राहण्याशी तिचा संबंध नाही, हे तूही म्हणालीस. आणि माझी आहे भिंतीत. भांडण आहे ते या भिंतीतल्या गाठीचंच. डॉक्टरांतही एकमत नाही.

मावशी: एकमत नाही म्हणजे? गाठ काढल्यावर दिवस गेलेल्या ढीगभर बाया मी दाखवते.

भाची: आणि न काढता गेलेल्या? इटलीतल्या एका अभ्यासात दोन्ही मोजल्यात. २००६ साली प्रसिद्ध झालाय. मूल होत नसलेल्या १८१ बायका घेतल्या, काहींचं ऑपरेशन केलं, काहींचं नाही, आणि वर्षभर वाट बघितली. पोकळीत गाठ असलेल्यांत ऑपरेशनशिवाय २७ टक्के बायकांना दिवस गेले, ऑपरेशन केलेल्यांत ४३ टक्के.

मावशी: बघ!

भाची: अगं, ते आतल्या गाठीचं. भिंतीतल्या गाठीत ऑपरेशनशिवाय ४१ आणि ऑपरेशननंतर ५६.

मावशी: मग ५६ जास्त की ४१? बँकेत काय शिकवतात तुम्हाला?

भाची: भिंतीतली गाठ असलेल्या बायका होत्या फक्त ४५. एवढ्या थोड्यांत पंधरा टक्क्यांचा फरक नुसत्या योगायोगानंही पडू शकतो. आतल्या गाठीचा आकडासुद्धा पुढे कॉक्रेन या अभ्यास पडताळून बघणाऱ्या संस्थेच्या तज्ज्ञांनी पुन्हा तपासला, तर तोही कच्चाच निघाला. ऑपरेशनचा उपयोग नाही असं कुणी म्हणत नाही. उपयोग आहे असंही ठामपणे म्हणता येत नाही.

मावशी: त्या इटलीतल्या बायका केवढ्या होत्या?

भाची: पस्तिशीपर्यंतच्या. आणि एकच गाठ, ४ सेंटिमीटरच्या आतली.

मावशी: म्हणजे तू त्यात बसतच नाहीस. तुझी गाठ मोठी, तुझं वय जास्त. दुसऱ्याच्या हिशेबावर तू स्वतःची वही लिहायला निघालीस.

इथे मावशीला दाद द्यावी लागते. ‘अभ्यासात असं आढळलं’ असं आपण सहज म्हणतो, पण त्या अभ्यासात आपल्यासारखं कुणी होतं का, हे विचारत नाही. जाता जाता सांगायचं तर, गाठींची जागा सांगायला २०११ पासून जगभरात ० ते ८ असे क्रमांक वापरतात. ०, १ आणि २ पोकळीत डोकावणाऱ्या, ३ आणि ४ भिंतीतल्या, ५ ते ७ बाहेरच्या अंगाच्या, आणि ८ म्हणजे गर्भाशयाच्या मुखासारख्या इतर जागी असलेल्या. ३ क्रमांकाची भिंतीतच असते, पण आतल्या अस्तराला टेकलेली. आपल्याकडच्या रिपोर्टात बऱ्याचदा हा क्रमांक नसतो, नुसतं ‘इंट्राम्युरल’ लिहून मोकळे होतात. त्या एका शब्दावर ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवणं कठीण आहे.

भाची: मला भीती ऑपरेशनची नाही. म्हणजे आहे, पण तेवढीच नाही. आत नक्की काय करतात ते तरी सांग.

मावशी: सांगते. पोट उघडलं की पिशवी बाहेर घेतात. गुलाबी असते, चकचकीत. मग गाठीवरच्या भागात पिट्रेसिनचं इंजेक्शन देतात. त्यानं रक्तवाहिन्या आवळतात आणि बघता बघता तेवढा भाग पांढराफटक पडतो. तिथे काप घेतात. गाठ आतून जोर करत असतेच, काप घेतला की वर येते. पांढरी, घट्ट, कापून बघशील तर आत वेटोळी वेटोळी. तिच्यात स्क्रू फिरवायचा, हो, मायोमा स्क्रूच म्हणतात त्याला, आणि ओढून धरायची. मग बोटानं आणि कात्रीनं भोवतालचं आवरण सोडवत सोडवत अख्खी बाहेर. ट्रेमध्ये टाकली की टप्पकन आवाज येतो. खरं काम त्यानंतर. तो खड्डा थराथरानं शिवायचा. घाई केली तर आत रक्त साचतं, जखम कच्ची राहते, आणि पुढे त्याच टाक्यांवर नऊ महिन्यांचं मूल वाढायचं असतं.

भाची: हेच. हेच मला छळतं. ती शिवण उसवली तर?

मावशी: फार क्वचित. शंभरात एकीलाही नाही. म्हणून तर खोलवर काप गेला असेल तर कळा येऊ न देता सिझेरियन करतात.

भाची: म्हणजे ऑपरेशन, मग सहा महिने थांबा, मग दिवस राहिले तर पुन्हा पोट फाडा. शिवाय आत चिकटून चिकटून ट्यूबच बंद झाल्या तर? आणि काही वर्षांनी नव्या गाठी आल्या तर?

मावशी: होतं तसंही. नाही म्हणत नाही.

भाची: आणि संमतीच्या कागदावर लिहिलेलं असतं की रक्तस्राव आवरला नाही तर गर्भाशय काढावं लागेल. मूल हवं म्हणून आत जायचं आणि सही मात्र त्याच कागदावर करायची.

मावशी: त्या ओळीवर बायकांचा हात थबकतो, ते मी बघितलंय. पण ती वेळ कुणावर येऊ नये म्हणूनच जन्मभर काम केलेला एक माणूस होता. आमच्या ट्रॉलीवर बॉनीचा क्लॅम्प असायचा. नवीन मुली विचारायच्या, बॉनी कोण? लंडनचा सर्जन. त्याच्या बायकोची पिशवी अशाच गाठींपायी काढावी लागली होती, त्यांना मूल झालं नाही. तेव्हाचे डॉक्टर गाठ म्हटलं की सरळ पिशवीच काढायचे. बॉनी म्हणाला, गाठ काढा, पिशवी ठेवा. त्यासाठी रक्त आटोक्यात ठेवणारा क्लॅम्प बनवला, शिवण्याच्या पद्धती बसवल्या.

व्हिक्टर बॉनी १८७२ ते १९५३ या काळात होऊन गेला. नुसत्या गाठी काढण्यावरचं त्याचं पुस्तक १९४६ चं. त्याच्या तंत्रात पुढे पुष्कळ बदल झाले, आता दुर्बिणीतून पोटावर चार छोटी छिद्रं पाडूनही हे काम होतं. आग्रह मात्र त्याचाच चाललाय, आणि आपल्याकडे तो अजून सगळीकडे पोचलेला नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या तरुण वयातच काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. सरकारी पाहणीत विचारलेल्या साधारण ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. सगळ्यांची कारणं गाठीच होती असं नाही. पण ‘पिशवी काढली की कटकट गेली’ हे वाक्य त्या बायकांना ज्या सहजतेनं ऐकवलं गेलं, त्याच सहजतेनं पुण्यामुंबईच्या बायकांनाही ऐकवलं जातं. फरक एवढाच, की यांच्याकडे दुसरं मत घ्यायला पैसे असतात.

भाची: मावशी, खरी गोष्ट सांगू? माझ्याकडे वेळ नाही. छत्तीस पूर्ण झाली. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत दोन महिने, मग सहा महिने थांबायचं. म्हणजे सदतिसावं सरत येईल. गाठ महिन्याभरात फार बदलणार नाही, बीजं मात्र कमी होतच राहणार.

मावशी: अगं, आता पन्नाशीतसुद्धा टेस्ट ट्यूबनं मुलं होतात.

भाची: कायद्यानं बाईला पन्नाशीपर्यंत उपचार घेता येतात, २०२१ च्या कायद्यात तसंच आहे. पण कायद्याची मुदत आणि माझ्या बीजांची मुदत एक नाही. त्या वयातली मुलं बहुतेकदा दुसऱ्या बाईच्या बीजातून झालेली असतात, ते कुणी सांगत फिरत नाही. मला एका सेंटरमध्ये तिसराच रस्ता सांगितला. आधी बीजं काढून गर्भ तयार करायचे आणि गोठवून ठेवायचे. मग गाठीचं ऑपरेशन. जखम भरली की गोठवलेला गर्भ सोडायचा.

मावशी: असंही करतात?

भाची: करतात. बीज आजच्या वयाचं राहतं आणि पिशवीला भरून यायला वेळ मिळतो. एका खेपेला दीड-दोन लाख. शिवाय खात्री काही नाही.

मावशी: आमच्या वेळी नव्हतं बाई हे. पण मला पटतंय. म्हणजे ऑपरेशन तुला मान्यच आहे.

भाची: मान्य नाही. आधी सहा महिने नीट प्रयत्न करायचे, मग बघू, हे माझं मत.

मावशी: दीड वर्ष काय केलंत मग?

भाची: पहिलं वर्ष नवऱ्याच्या नाईट शिफ्टमध्ये गेलं. हसू नकोस.

मावशी: हसत नाही. घरात कुणी काही बोलतं का?

भाची: सासूबाई तशा बऱ्या आहेत. कांचनार गुग्गुळ आणि अशोकारिष्ट आणून ठेवलंय. चार महिने घेतलं. आत्यासासूबाई मात्र प्रत्येक हळदीकुंकवाला विचारतात, ‘काय गं, काही विशेष?’ आता सोनोग्राफीचा निकाल कळल्यापासून विचारत नाहीत. सगळ्यांना सांगतात, तिला गाठ आहे.

मावशी: गुग्गुळ बंद कर. ते घेऊन गाठ गेल्याचं मी तरी सोनोग्राफीत बघितलेलं नाही. आणि दिवस राहिले तर कळायच्या आधीचे पंधरा दिवस ते पोटात जात राहणार. घ्यायचंच असेल तर वैद्यांना स्पष्ट सांगून विचार, मी मूल होण्यासाठी प्रयत्न करतेय म्हणून. बरं, ॲलोपॅथीत तरी गोळी आहे का कुठली?

भाची: ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं आहेत, गाठ आकसते. पण ती चालू असताना बीजच सुटत नाही, आणि बंद केली की गाठ पुन्हा वाढते. ऑपरेशनआधी रक्त भरून यावं म्हणून देतात. युलिप्रिस्टलच्या गोळीचं मोठं नाव झालं होतं, पण काहींचं लिव्हर गेलं. युरोपात २०२० मध्ये त्यावर कडक बंधनं आली.

मावशी: आणि ते नाडीतून नळी घालून गाठीचं रक्त तोडतात ते?

भाची: एम्बोलायझेशन. पॅरिसच्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये पहिल्यांदा त्यावर लिहिलं. पुढे मूल हवं असेल तर सहसा ते आधी सुचवत नाहीत. पिशवीच्या आणि ओव्हरीच्या रक्तपुरवठ्याला धक्का लागू शकतो.

मावशी: सगळं पाठ केलंयस. एक विचारू? पाळी कशी आहे तुझी?

भाची: नियमित आहे.

मावशी: मी तारीख नाही विचारली. किती जातं?

भाची: जातं जरा जास्त.

मावशी: जरा म्हणजे? पॅड किती तासांनी बदलतेस?

भाची: दुसऱ्या दिवशी दीड-दोन तासांनी. गुठळ्या पडतात. बँकेतल्या खुर्चीवर मी काळी उशी ठेवलीय. मॅनेजरला वाटतं पाठ दुखते माझी.

मावशी: रात्री?

भाची: खाली जुनी चादर घालते, घडी करून.

मावशी: हिमोग्लोबिन?

भाची: ८.४.

मावशी: आणि हे तू आत्ता सांगतेस! टक्के सांगितलेस, इटली सांगितलीस, आणि हे अंगावर काढतेस? अगं, ८.४ वर दिवस राहिले तर तुझं काय आणि मुलाचं काय?

इथून बोलण्याचा रोख बदलतो, आणि बदलायलाच हवा होता. ‘गाठ मूल होण्याच्या आड येते का?’ हा एक प्रश्न. ‘गाठ या बाईला आज त्रास देतेय का?’ हा दुसरा. मुलाच्या ओढीत बायका दुसरा प्रश्न विसरतात. डॉक्टरांसमोरही सांगत नाहीत, कारण आपण तिथे ‘मुलासाठी’ गेलेलो असतो. शिवाय आईचं, काकूचं, मोठ्या बहिणीचंही असंच जायचं, म्हणून हे नॉर्मलच वाटतं. इतका रक्तस्राव हा एक पुरावासुद्धा असतो. भिंतीतली म्हणून लिहिलेली गाठ आत पोकळीकडे फुगलेली असू शकते, आणि साध्या सोनोग्राफीत ते दरवेळी नीट कळत नाही.

भाची: म्हणजे माझी गाठ भिंतीतली नसेलच?

मावशी: अर्धी भिंतीत, अर्धी आत असेल. मला कसं कळणार? पिशवीत सलाईनचं पाणी सोडून सोनोग्राफी करतात, ती करून घे. पाण्यानं पोकळी उघडते आणि गाठ किती आत आलीय ते दिसतं. नाहीतर एमआरआय. किंवा सरळ खालून दुर्बीण घालून बघतात, हिस्टेरोस्कोपी. बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात.

भाची: आणि आत निघाली तर दुर्बिणीतूनच काढतील?

मावशी: बहुतेक सगळी आत लोंबत असेल तर काढतात, पोटावर टाकाही पडत नाही. पण पाच सेंटिमीटरची आणि निम्मी भिंतीत रुतलेली असेल तर खालून अवघड. तेव्हा वरूनच.

भाची: आत निघाली तर मी काढेन. त्यात मला वाद घालायचा नाही. नुसती भिंतीतच निघाली तर मी आधी प्रयत्न करणार.

मावशी: आणि रक्ताचं काय?

भाची: ट्रॅनेक्सामिकच्या गोळ्या पाळीपुरत्या घेता येतात, त्या हार्मोनच्या नाहीत, दिवस राहण्याच्या आड येत नाहीत. मला लिहूनही दिल्यात. मी घेतल्याच नाहीत. भीती वाटली.

मावशी: पहिलं लोह. गोळ्या पचत नसतील तर शिरेतून घे, सलाईनमधून देतात हल्ली, काही आठवड्यांत हिमोग्लोबिन वर येतं. अकराच्या वर गेल्याशिवाय चान्सचं नाव काढायचं नाही. इथे तुझं काही चालणार नाही.

भाची: बरं. आणि मावशी, ती कॅन्सरची तर नसेल ना? रात्री तेच वाचत बसते.

मावशी: फार क्वचित असते. दुर्बिणीच्या ऑपरेशनात गाठीचे तुकडे करून काढायचं जे मशीन होतं, त्याबद्दल अमेरिकेच्या सरकारी खात्यानं २०१४ मध्ये इशारा दिला होता, कारण लाखात सापडावी तशी एखादी गाठ वाईट निघाली तर तुकड्यांबरोबर ते पसरतं.

भाची: लाखात नाही मावशी. त्यांनीच ३५० मध्ये एक म्हटलं होतं. नंतर काहींनी तो आकडा बराच खाली आणला.

मावशी: तुला सगळंच माहीत, मग मला कशाला विचारतेस? गाठ पिशवीत घालून काढणार का, एवढं सर्जनला विचार. प्लास्टिकची पिशवी म्हणतेय मी. आणि रात्री मोबाईल बंद कर.

थोडा वेळ दोघी कोथिंबीर निवडत बसतात. खुडलेल्या देठांचा ढीग भाचीच्या बाजूला मोठा आहे. पानं देठांत आणि देठ पानांत टाकणं चाललंय. मावशी बघते आणि बोलत नाही.

मावशी: त्याचा रिपोर्ट कुठाय?

भाची: कुणाचा?

मावशी: तुझ्या नवऱ्याचा. वीर्यतपासणी.

भाची: ती नाही केली अजून. आधी माझं बघू म्हणाले सगळे. आणि मग गाठच निघाली, त्यामुळे...

मावशी: त्यामुळे काय? गाठ निघाली म्हणून तो आपोआप पास झाला? माझ्या समोर झालेली गोष्ट आहे. बाईचं पोट उघडलं, सात गाठी काढल्या, सगळं छान शिवलं. पुढे वर्ष गेलं, काही नाही. मग कुणाला तरी सुचलं, नवऱ्याची तपासणी करा. शुक्राणूंचा आकडा शून्य. कपात दिलेल्या नमुन्याची तपासणी, काही हजारांच्या आतलं काम, ती कुणी आधी करायला सांगितली नाही. बाईच्या पोटावर मात्र वीतभर खूण.

भाची: मला त्याला सांगायला जड जातं. त्याला राग येत नाही, पण गप्प होतो.

मावशी: आणि तू हिमोग्लोबिन ८.४ वर गप्प आहेस. दोघं मिळून गप्प बसलात तर मूल कुठून होणार?

मावशीच्या या रागाशी मी पूर्ण सहमत आहे. दोन-तीन आठवड्यांत उरकणाऱ्या तपासण्या सोडून वर्षभराचे निर्णय घेतले जातात. ऑपरेशन की प्रयत्न, या वादात दोघींच्या बाजू भक्कम आहेत. पण पोकळी नीट बघितल्याशिवाय आणि नवऱ्याची तपासणी झाल्याशिवाय तो वाद घालण्यात हशील नाही.

भाची: ठीक आहे. पाणी सोडून सोनोग्राफी, लोह, त्याचा रिपोर्ट. एएमएचही करते, म्हणजे बीजांचा अंदाज येईल. मग भिंतीतलीच निघाली आणि बाकी सगळं बरं असलं तर सहा महिने माझे.

मावशी: तीन.

भाची: सहा, मावशी. तीन महिन्यांत काय होतं?

मावशी: छत्तिसाव्या वर्षी सहा महिने फार झाले, हे तूच म्हणालीस ना मघाशी? ऑपरेशनला सहा महिने द्यायचे नाहीत आणि स्वतःला मात्र घ्यायचे.

भाची: ऑपरेशनच्या सहा महिन्यांत दिवस राहायची शक्यता शून्य. माझ्या सहा महिन्यांत काहीतरी आहे.

मावशी: आणि पाचव्या महिन्यात कळ उठली तर मला फोन करायचा नाही.

भाची: करणार. तुलाच करणार.

मावशी: चार. त्याच्यावर एक दिवस नाही. आणि गर्भ गोठवून ठेवायचं तुझं ते काय, त्या सेंटरला परत एकदा खर्चाचं लिहून माग, म्हणजे चार महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको.

भाची: बघू.

मावशी: बघू नाही. लाव त्याला फोन. तुला जड जातं ना, दे इकडे. हॅलो, हां, मीच बोलतेय, मावशी. बरे आहात ना? नाही नाही, ती बरी आहे, कोथिंबीर निवडतेय, निम्मी वाया घालवली. मला तुमच्याशीच बोलायचंय. येत्या शनिवारी सुट्टी आहे ना? एक तपासणी करून यायचं. हो, तुमचीच. चांगली लॅब बघा, जिथे तासाभरात नमुना तपासतात अशी. त्याआधी कमीत कमी दोन दिवस आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध ठेवायचा नाही. ऐकू येतंय ना? दोन ते सात. लाजायचं काही नाही, मी रिटायर्ड सिस्टर आहे, मला कसलं कौतुक. आणि नाही, उपाशीपोटी जायची गरज नाही, व्यवस्थित नाश्ता करून जा.